आउटरला थांबणारी पॅसेंजर

किशोर गावंडेच्या घरी देवघरापेक्षा फ्रिजचा वचक जास्त होता. फ्रिजच्या दारावर साधनानं चिकटवलेला कागद म्हणजे त्या घराचा कायदा. पहाटे साडेपाचला टँक, नऊला अबॅकस, चारला हस्ताक्षर, सहाला कथ्थक, आणि प्रत्येकासमोर सोडणाऱ्याचं नि आणणाऱ्याचं नाव. टँक म्हणजे पोहण्याचा तलाव. सुट्ट्या लागल्या की माणसं थोडी सैलावतात असा एक जुना समज आहे. या घरात मे महिना लागला की त्या कागदाला खालून आणखी एक कागद जोडावा लागायचा.

साधना रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभराची सगळी ने-आण तिच्याकडं, पहाटेची किशोरकडं. किशोरचं बिऱ्हाड अमरावतीला आणि नोकरी अकोल्याला, पाटबंधारे खात्यात. अकरा वर्षं झाली, सकाळी बडनेऱ्याहून एक्सप्रेस धरायची, डब्यात अपडाऊनवाल्यांबरोबर पत्ते कुटायचे, आणि संध्याकाळी तसेच पत्ते कुटत परत यायचं. त्यामुळं पोरं त्याच्या वाट्याला यायची ती पहाटे साडेपाच ते सात एवढीच. आधी एकटा सुयोग होता, मग त्याचं शेपूट धरून अपेक्षा आली. स्कूटरवर पुढं अपेक्षा उभी, मागं सुयोग, गळ्यात टॉवेल. परत येताना बाप पाण्यात न उतरताही तिघांच्या अंगाला क्लोरीनचा वास, आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर आलूबोंडे, जे घरी सांगायचे नाहीत. साधनाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण ठाऊक आहे हे तिनंही कधी सांगितलं नाही.

या मार्चअखेर सुयोगचा दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि आठव्या दिवशी त्याची गादी-पेटी अकोल्याला गेली. डॉक्टर होण्याचा क्लास, तिथंच होस्टेल. भेटायचं महिन्यातल्या एका रविवारी, फोन दर रविवारी चार ते पाच. किशोरच्या ऑफिसपासून ते होस्टेल चालत दहा मिनिटांवर. रोज अकोल्याला जाणारा बाप आणि महिन्यातून एकदा दिसणारा पोरगा, अशी ही गंमत. डब्यातले मित्र हसायचे. किशोरही त्यांच्याबरोबर हसायचा, आणि एकटा असला की हसायचा नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात टँकवरच्या मोईज सरांनी त्याला बाकावरून उठवलं. किशोर नेहमीप्रमाणं पेपरात डोकं घालून बसला होता.

"गावंडे साहेब, पोरगी खोल पाण्यात जात नाही. महिना होऊन राहिला."

"अहो, दोन वर्षं झाली, ती या टोकाहून त्या टोकाले जाते!"

"जात होती. बाजूनं भाई राहे तिचा. आता कमरेएवढ्या पाण्यात डुबुक डुबुक करते आन वर येते. रविवारी परीक्षा आहे. पूर्ण पंचवीस मीटर. उताणं पडा, पालथं पडा, माह्यं काही म्हणणं नाही. पण काठाचा पाइप धरला का संपलं."

किशोर चाट पडला. आठ वर्षं तो या बाकावर बसून होता. पेपरातली पिकांच्या भावाची बातमी त्यानं कधी चुकवली नव्हती. दहा पावलांवर आपली पोरं काय करतात, हे मात्र त्याला तिसऱ्यानं सांगावं लागलं.

घरी साधनाचं मत पक्कं होतं. "ती रोज तोंड पाडून येते. तुमाले हौस आहे म्हणून तिले भेव दाखवत राहाचं का? रविवारी पार झाली तर जाऊ द्या मोठ्या बॅचमधे. नाही झाली तर मी कागदावरचा टँक खोडते. तेवढीच झोपंल पोरगी."

बोलणं खोटं नव्हतं. हौस त्याचीच होती. टँक खोडला की त्याच्याकडं उरणार काय होतं? पोरगी झोपलेली असताना घर सोडायचं आणि ती कथ्थकहून थकून आल्यावर तिचं जेवण बघायचं. एक पोरगा गेला होता. आता उरलेली एक पहाट जायची होती. त्याला चक्क भीती वाटली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

बुधवारी टँकच्या पायऱ्यांवर त्यानं अपेक्षाला जवळ घेतलं. दहा वर्षांची पोर, गॉगल कपाळावर, ओठ थरथरत होते.

"दादा असला का जमते, आन आता काहून नाही जमत बेटा?"

"दादा स्टेशन सांगे."

"कोणते स्टेशन?"

"अकोल्याचे. मी श्वास घ्याले तोंड वर काढलं का दादा बाजूनं एक स्टेशन सांगे. एक झालं का पुढचं. अकोला आलं का भिंत."

किशोर मोठ्यानं हसला. "हात्तिच्या! आन हे तू मले आता सांगून राहिली? अकरा वर्षं झाली, मी रोज अकोल्याले जातो. चल, उतर पाण्यात. तुह्या दादापेक्षा भारी सांगतो."

तो चपला काढून टँकच्या काठावर उभा राहिला. अपेक्षानं भिंतीला पाय मारला. पहिला श्वास आला, किशोर ओरडला, "बडनेरा!" दुसरा आला, "मूर्तिजापूर!" तिसरा आला, "अकोला!"

पोरगी अजून कमरेएवढ्या पाण्यातच होती. तिनं भिंत शोधायला मान वर केली, भिंत होती वीस मीटर लांब. नाकातोंडात पाणी गेलं आणि तिनं पाइप धरला. खोकला आवरला तसा राग आला.

"पप्पा, हे काय सांगून राहिले तुमी? ही एक्सप्रेस आहे! आपली पॅसेंजर आहे!"

पलीकडच्या बाकावरच्या दोन आया खुदकन हसल्या. किशोर चारचौघांत तोंडघशी पडला, आणि पडला तोही स्वतःच्या रेल्वेलाइनवर. बडनेऱ्याच्या पुढं त्याची गाडी एकदाच थांबत असे, आणि तेव्हाही त्याच्या हातात पत्ते असत. मधल्या स्टेशनांवर लोक राहतात हे त्याला माहीत होतं. ती कुठल्या क्रमानं येतात ते माहीत नव्हतं.

गुरुवारी त्यानं मोबाइलवर यादी काढली आणि काठावरून वाचून दाखवली. पोरगी अर्ध्यापर्यंत गेली आणि परतली. यादीत आउटर नव्हतं, आणि ते येणार नाही म्हटल्यावर खोल पाण्यात जायला ती तयार नव्हती.

"आउटर काय स्टेशन आहे का?"

"नाही, पण गाडी थांबते न तिथं! दादाले माहीत आहे." ते कोणत्या स्टेशनानंतर येतं, हे तिला सांगता येईना. पाण्यात ती ऐकायची, लक्षात ठेवणं दादाचं काम होतं. दादाचा फोन रविवारी दुपारी चारला येणार, आणि परीक्षा त्याच रविवारी पहाटे सहाला.

शुक्रवारी किशोरनं ऑफिसात उशिरा येतो म्हणून कळवलं, बडनेऱ्याला एक्सप्रेस समोरून जाऊ दिली आणि मागच्या पॅसेंजरमध्ये चढला. तिला आता मेमू म्हणतात, पण लोकांच्या तोंडी पॅसेंजरच. पत्त्यांच्या मित्रांनी खिडकीतून हात हलवले. गड्याचं डोकं फिरलं, असं त्यांचं एकमत झालं असणार.

त्यानं खिडकी धरली. टाकळी आलं. कुरुम आलं. माना आलं. उन्हात वखरून पडलेली काळी वावरं, फाटकाशी थांबलेला ट्रॅक्टर, फलाटावर डोक्यावर बोचकं घेतलेली बाई आणि तिच्यामागं दोन पोरं. हे सगळं रोज त्याच्या पाठीमागून जात होतं. मूर्तिजापूरला अर्धा डबा उतरला आणि तेवढाच चढला. मग काटेपूर्णा, मग बोरगाव. किशोर हाताच्या बोटांवर मोजत होता. समोरचा म्हातारा त्याच्याकडं जरा काळजीनंच पाहत होता.

आणि मग अकोला दिसायला लागलं तशी गाडी हळू झाली आणि थांबली. ना फलाट, ना पाटी.

"काय झालं?" किशोरनं विचारलं.

"आउटर," म्हातारा म्हणाला. "मागून एक्सप्रेस येऊन राहिली. तिले जाऊ देतीन, मंग आपल्याले सिग्नल भेटंल. बसा बाप्पा निवांत."

बसल्या बसल्या किशोरला आठवलं. सात वर्षं झाली असतील. साधनाच्या माहेरी अकोल्याला निघाले होते चौघं, आणि सुयोगनं हट्ट धरला होता की सगळे स्टेशन पाहायचे, म्हणून पॅसेंजर. तीन वर्षांची अपेक्षा किशोरच्या मांडीवर झोपलेली, तिच्या घामानं त्याचा शर्ट ओला. साधनानं डब्यातून पुरी आणि आंब्याचं लोणचं काढलं होतं, आणि सुयोगच्या हाताला तेल लागून खिडकीच्या गजांवर बोटं उमटली होती. इथंच, आउटरला, गाडी उभी राहिली. किशोर वैतागला होता. सारखं घड्याळ बघत होता. सुयोगनं विचारलं, "पप्पा, गाडी काहून थांबली?" आणि पोराला गप्प करायला तो म्हणाला होता, "थकली रे ते. थोडी पडून राहते. सिग्नल भेटला का जाईन."

काहीतरी बोलायचं म्हणून बोललेलं वाक्य. तो घरी पोचायच्या आधी विसरला असेल. पोरानं ते सात वर्षं सांभाळलं होतं, आणि बहीण खोल पाण्यात घाबरली तेव्हा काढून दिलं होतं. शेजारून एक्सप्रेस धडधडत गेली, तिच्यात कुठंतरी तशाच पत्त्यांचा डाव चालू असेल. त्याला पहिल्यांदा त्या डावाची हळहळ वाटली नाही. वाटली ती त्या दुपारची, लोणच्याच्या वासाची, आणि घड्याळ बघत बसलेल्या त्या माणसाची.

रविवारी साधनाही टँकवर आली. तोंडानं म्हणाली, "निकाल पाह्याले." हातात मात्र पोरीचा कोरडा फ्रॉक आणि ग्लुकोजचं पाणी होतं. मोईज सरांनी नाव पुकारलं. अपेक्षानं गॉगल डोळ्यांवर ओढला आणि बापाकडं पाहिलं. किशोरनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठावर उभा राहिला.

"बडनेरा!"

तिनं भिंत सोडली. किशोर काठानं तिच्या बरोबरीनं चालू लागला. "टाकळी!" पाणी कमरेचं. "कुरुम!" छातीचं. पालकांच्या माना वळल्या. पांढरे होत चाललेले केस, दुमडलेली पँट आणि तोंडानं स्टेशनं ओरडणारा सरकारी माणूस. एरवी त्याला लाज वाटली असती. "माना!" इथून फरशीचा रंग गडद होत जातो. पोरगी अडखळली. किशोरनं आवाज हलू दिला नाही. "मूर्तिजापूर! गाडी चालू आहे बेटा! काटेपूर्णा!" हात जड व्हायला लागले होते तिचे, पाय खाली खाली चालले होते. "बोरगाव!" तिची नजर बाजूच्या पाइपाकडं गेली.

"आउटर!"

अपेक्षा उलटली. उताणी झाली, हात पसरले आणि पाण्यावर पडून राहिली. पोट वरखाली होत होतं. मोईज सरांची नजर फक्त पाइपावर होती. साधनानं किशोरच्या बाहीला धरलं. "हे काय करून राहिली ते?"

"थांबली," किशोर म्हणाला. "सिग्नल नाही भेटला अजून."

पोरीचे कान पाण्यात होते, तिला काही ऐकू येणार नव्हतं. ती गॉगलमधून त्याच्याकडं पाहत होती. सिग्नल आपल्यालाच द्यायचा आहे हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. भिंत सहा-सात हातांवर होती. तिचा श्वास आता संथ झाला होता, ती केव्हाही निघू शकत होती. जन्मभर उशीर झाला म्हणून चिडणाऱ्या त्या माणसाला वाटलं, राहू दे. जरा वेळ अशीच पडून राहू दे. मोठी बॅच येईल, मग दहावी येईल, मग हिचीही गादी-पेटी बांधावी लागेल. अकोला काही पळून जात नाही.

मग त्यानं हात वर केला.

ती पालथी झाली आणि निघाली. चार हात, पाच हात, आणि तिची बोटं भिंतीला लागली. मोईज सरांनी वहीत खूण केली. साधना टाळ्या वाजवत होती, आणि टाळ्या वाजवण्यात हातातलं ग्लुकोजचं पाणी फ्रॉकवर सांडलं होतं.

अपेक्षानं गॉगल वर केला. धापा टाकत, हसत, पण थोडी रागावून ती म्हणाली, "पप्पा, शेवटी अकोला काहून नाही म्हटलं तुमी?"

किशोर खाली बसला आणि तिचे ओले हात धरून तिला वर ओढू लागला. अकोला म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या तोंडात असलेलं ते नाव त्या दिवशी काही केल्या बाहेर आलं नव्हतं.