नमुन्याची निलगिरी

मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. मित्रांनो, माझ्या तोंडाला आजवर इतकी नाकं लागली आहेत की नाक हा शब्द ऐकला तरी मला मळमळतं.

माझ्या पोटात निलगिरीचं तेल होतं. पोतंभर पानं वाफेवर शिजवावीत, तेव्हा कुठे वाटीभर तेल हाती येतं. म्हणून ते फार कडक. एकोणीसशे शहाण्णव साली मी युसूफ वडगावला मल्लिनाथअप्पांच्या किराणा दुकानात आले. तेव्हा दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा नुकत्याच लटकू लागल्या होत्या, आणि टीव्हीवर दिसेल ते गिऱ्हाईक मागत होतं. माल घेऊन आलेल्या एजंटाने चमचाभर खोबरेलात माझे दोन थेंब टाकले, ते स्वतःच्या मनगटाला लावून दाखवलं आणि बजावलं, "नुसतं लावायचं नाही. लहान लेकराला तर मुळीच नाही." अप्पांनी मान डोलावली. बाकीच्या बाटल्या फळीवर गेल्या आणि मला नमुना म्हणून उघडून गल्ल्याशेजारी ठेवलं.

सुरुवातीचे दिवस बरे होते. अप्पा खोबरेलात मिसळूनच द्यायचे. सरपणाच्या मोळ्या वाहणाऱ्या दगडाबाईचे खांदे मी हलके केले. "लई गुणाचं तेल हाय," ती म्हणाली, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता!

पण मिसळलेलं तेल झोंबत नाही, आणि जे झोंबत नाही त्याला औषध म्हणायला लोक तयार नसत. "ह्ये तर पाण्यावानी हाय, अप्पा," असं म्हणून गिऱ्हाईक तोंड वाकडं करी. मग अप्पांनी खोबरेल सोडून दिलं. आता कुणालाही नुसतं तेल. कुणी कळवळला की अप्पा हसून म्हणायचे, "झोंबतंय म्हंजी लागू पडतंय!"

आणि मग सुरू झाली बोटं. शी! बंकट नावाचा एक माणूस खरूज खाजवत यायचा आणि तेच बोट माझ्या तोंडावर दाबायचा. मग दुसरा कुणी तिथेच नाक खुपसून हुंगायचा. कुणाच्या पायाच्या चिखल्या, कुणाचा मानेवरचा नायटा, सगळ्यांचं ओलं माझ्या गळ्याशी. त्या नखांत काय काय असायचं ते सांगत नाही, कदाचित तुमचं जेवण व्हायचं असेल. अप्पा मला पुसायचे ते धोतराच्या सोग्याने, ज्याने नुकताच घाम पुसलेला असे. मला बाटलीचा जन्म का मिळाला, असं होऊन जाई.

अप्पांची मुलगी रोहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घर दुकानाच्या मागेच. तिची ईश्वरी दोन महिन्यांची झाली आणि तिला सर्दी झाली. अप्पांच्या पत्नी गंगासागर रोज नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत आणि खोबरेलाने टाळू भरत. त्या दिवशी त्यांना वाटलं, सर्दीला काहीतरी जोरकस हवं. त्यांनी मला दुकानातून उचलून आत नेलं आणि तळहातभर तेल लेकराच्या टाळूवर ओतलं.

ईश्वरीने जी किंकाळी फोडली ती मी विसरू शकत नाही. तेल कपाळावरून डोळ्यांत उतरलं. गंगासागरबाई मायेने तिला थोपटत म्हणाल्या, "उगी, उगी. झोंबतंय म्हंजी लागू पडतंय." किती विश्वास होता त्यांचा नवऱ्याच्या शब्दावर! मला त्या शब्दांची ओकारी आली.

रोहिणी चुलीपासून धावत आली. "आई, काय वतलंस तिच्या डोस्क्यावर?" तिने लेकराला ओढून घेतलं, पाण्याने डोळे धुतले, साबण लावला, परत परत पाणी ओतलं. ईश्वरीला नीट श्वास घेता येईना. अप्पांनी जीप गाठली आणि तिला केजच्या दवाखान्यात नेलं. त्या घरात संध्याकाळपर्यंत पुन्हा चूल पेटली नाही.

रात्र पडायच्या आत ते परतले. श्वास मोकळा झाला होता, डोळे वाचले होते. टाळूवरची कातडी मात्र भाजल्यासारखी सोलली होती. गंगासागरबाई कोपऱ्यात बसून रडत होत्या. आणि मला? मला पुन्हा गल्ल्याशेजारी ठेवलं. तोंड उघडंच.

आठवड्याने गल्लीतल्या चंद्रभागाबाई नातवाला कडेवर घेऊन आल्या. "लेकराचं नाक वाहतंय, अप्पा. ह्ये चालंल का?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे. "थोडं लावलं तर चालतंय की," ते म्हणाले.

मित्रांनो, बंकटच्या बोटाची आली नव्हती एवढी किळस मला त्या क्षणी त्या माणसाची आली.

इतक्यात आतलं दार उघडलं. बाळंतीण कधी दुकानात येत नसे, पण रोहिणी आली. तिने ईश्वरीचं टोपडं सोडलं आणि ते इवलंसं डोकं चंद्रभागाबाईंसमोर धरलं.

"मावशी, ह्ये बघा. ह्याच तेलानं झालंय. आता इचारा अप्पाला, चालतंय का न्हाई ते."

अप्पांनी तोलायला घेतलेली साखर तागडीत तशीच राहिली. चंद्रभागाबाईंनी नातवाच्या डोक्यावर पदर ओढला आणि त्या निघून गेल्या. रोहिणीने माझं तोंड घट्ट बंद केलं आणि मला लेकरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवलं. पहिल्यांदाच मला कुणी नीट ठेवलं होतं.

मी वाईट नाही हो. पण झाडाच्या पानातून निघाले म्हणून मी पाण्याइतकी गरीबही नाही. मला नुसतं लावू नका, चमचाभर खोबरेलात एखाददोन थेंबच पुरे. तेही आधी मनगटाला लावून एक दिवस थांबा. डोळ्यांपासून, जखमेपासून मला दूर ठेवा, आणि तान्ह्या लेकराजवळ मला आणूच नका. आणि कुणी दुकानदार "चालतंय की" म्हणाला, तर त्याला एवढंच सांगा, आधी तुमच्या घरातल्या लेकराचं टोपडं काढून दाखवा.