भट्टीचा अंदाज

डोंबिवलीच्या एका डेंटल लॅबमध्ये मारुती उभं आयुष्य दात बनवत आला होता. ब्रशच्या टोकावर चिनीमातीची ओली पावडर घ्यायची, थरावर थर चढवायचे आणि दात हवा त्यापेक्षा थोडा मोठाच ठेवायचा, कारण भट्टीत तो आकसतो. किती आकसेल हे मारुतीचा हातच जाणे. मग मालक केदारने स्कॅनर आणला, कॉम्प्युटर आणला आणि एक दिवस चाचरत म्हणाला, "मारुतीकाका, खोपटला कोर्स आहे. तेवढा पास करून टाका. नाहीतर मला तुम्हाला प्लास्टरच्या टेबलावर बसवावं लागेल."

प्लास्टरच्या टेबलावर नवशिके बसतात. मारुतीला ते फार लागलं, पण राग गिळून तो गेला.

क्लासात सगळी पोरं त्याच्या मुलाच्या वयाची. माऊस तर हातातून ओल्या साबणासारखा निसटायचा. शिकवणारी रसिका मात्र चिवट. "काका, टेन्शन नका घेऊ, परत करा," म्हणत शेजारी उभी राहायची. हळूहळू पडद्यावरचा दात मारुतीच्या कह्यात आला. परीक्षा म्हणजे खऱ्या तोंडात बसणारा दात. त्याने बायकोलाच आणलं. जिन्यावरून पडून मंजुळाचा पुढचा दात तुटला होता आणि तेव्हापासून ती तोंडावर हात धरूनच हसायची.

मारुतीने जीव ओतून दात रेखला. मशीनने तो कोरला, भट्टीतून निघाला, क्लासच्या डॉक्टरांनी बसवून पाहिला आणि सगळीकडे खसखस पिकली. दात ओठाबाहेर डोकावत होता, एखाद्या सशाला शोभावा असा! मंजुळाने आरसा पाहिला आणि पटकन हात तोंडावर नेला.

"काका, एवढा मोठा का केलात?"

"भट्टीत आकसेल ना, म्हणून."

रसिकाने कपाळावर हात मारला. "अहो, आकसणं मशीन आपलं आपणच हिशेबात धरतं! तुम्ही वाढवलात, वर त्यानेही वाढवला. या पोरांनी भट्टीचं काम केलेलं नाही, म्हणून मी कधी बोललेच नाही. चुकलं माझं. उद्या परत करा."

त्या रात्री मारुतीला जेवण गेलं नाही. नापास होण्याची भीती होतीच, पण ज्या अंदाजावर एवढी वर्षं मान ताठ ठेवली तो आता सोडून द्यायचा, याचं दुःख जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दात अगदी हव्या त्या मापाचा रेखला. बोटं शिवशिवत होती, किंचित वाढव म्हणत होती. शेवटी माऊस सोडून तो उजवा हात मांडीखाली दाबून बसला. पोरं हसली. हसोत बापडी.

यावेळी दात असा बसला की शेजारच्यांत ओळखू येईना. रसिकाने पास केलं.

परतीच्या बसमध्ये मंजुळाने विचारलं, "हा तुम्ही केलात की मशीनने?"

"मीच. भट्टीचा अंदाज तेवढा त्याचा."

ती हसली आणि हसता हसता तिचा हात आपसूक तोंडाकडे गेला. मारुतीने तो हलकेच खाली घेतला.

"अगं, राहू दे. आता त्याची गरज नाही."

बोलला खरा, आणि नजर स्वतःच्याच उजव्या हाताकडे गेली. शीळफाटा येईपर्यंत त्याने तिचा हात सोडला नाही.