पापी वर गेला

माझा दादा टीव्हीवर पापी आहे. घरात झुरळ दिसलं की हाच माणूस स्टुलावर चढून मला हाका मारतो. पण ‘उद्या सूर्य नाही’ या मालिकेत गेली तीन वर्षं तो जगाचा नाश करतोय, आणि त्याची फळं आमची आई भोगतेय. अक्षरशः फळं. भाजीवाली तिला वेचून सडके टोमॅटो देते.

“असला पोरगा जन्माला घातलात, आता खा!”

म्हणून शेवटच्या भागाआधी आईनं दादाला निक्षून सांगितलं, “पाताळात जायचं नाही. माफी माग, रड, काहीही कर. मला या गल्लीत राहायचंय.”

दादानं लेखकाचे पाय धरले. लेखक म्हणाला, “पश्चात्तापाला जाहिराती मिळत नाहीत रे. पाताळाला मिळतात. पंखेवाले, एसीवाले, सरबतवाले...”

मी त्याच मालिकेत कपडेपट सांभाळते, त्यामुळे पुढचं सगळं या डोळ्यांनी पाहिलं.

शेवटचा भाग थेट दाखवायचा होता. बेत साधा होता. मालिकेतले साधूमहाराज दोरीच्या पट्ट्याला अडकून स्वर्गात जाणार. दोरीच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या, म्हणजे जरा ओढलं की माणूस अलगद वर. पापी त्यांचे पाय धरणार, महाराज लाथ मारणार, पापी धप्पकन आपटणार. स्टेजखाली झाकणवाला बसलेला. त्याला वरचं काही दिसत नाही. ‘धप्प’ ऐकलं की झाकण उघडायचं, एवढंच त्याचं काम. पापी थेट पाताळात, म्हणजे जाड गादीवर.

दोरीवाल्यानं महाराजांना विचारलं, “वजन किती धरू?”

महाराजांनी मालिका सुरू झाली तेव्हाचं सांगितलं. मी खोकले. त्यांची कफनी मी तीनदा उसवून रुंद केली होती. महाराजांनी माझ्याकडे असं पाहिलं, की प्रलय तिथेच झाला असता.

“तेवढंच धर,” ते म्हणाले. “साधूचं वजन वाढत नसतं.”

प्रलय वेळेवर सुरू झाला. धूर निघाला, विजा कडाडल्या, महाराजांनी हात पसरले. “मी चाललो!”

गेले कुठेच नाहीत. टाचासुद्धा उचलल्या नाहीत.

“मी चाललो!” त्यांनी पुन्हा सांगितलं. दोरीवाला घामाघूम.

दादाचा स्वभाव आडवा आला. दुसऱ्याची फजिती त्याला बघवत नाही. पाय धरायचे सोडून त्यानं खालून खांदा लावला.

“काका, पोट आत घ्या.”

“घेतलंय रे!”

“हे आत घेतलेलं आहे?”

महाराज हातभर वर गेले, पट्टा तटकन सुटला आणि ते धप्पकन खाली आले. झाकणवाल्यानं इमानेइतबारे झाकण उघडलं. देशाच्या देखत साधू पाताळात गेला.

दादा कडेला लटपटत होता. त्यानं घाबरून समोरून वर निघालेला रिकामा पट्टा पकडला. पिशव्या साधूला कमी पडल्या होत्या, पण आमच्या काडीपैलवानाला भरपूर झाल्या. पापी सुसाट वर निघाला, “आई गं!” असं बोंबलत. दिवेवाल्यानं ठरल्याप्रमाणे सोनेरी उजेड सोडला. गाणाऱ्या बायकांनी ठरल्याप्रमाणे स्वर्गाचं गाणं सुरू केलं.

लेखकानं डोकं धरलं. मी हातातल्या जादा कफनीत तोंड खुपसून हसले. दादाला शिडी लावून उतरवेपर्यंत निर्मात्याचा फोन आला, “काय कलाटणी आहे! कुणाला सुचली?”

लेखकानं डोकं सोडलं. “मलाच.”

दुसऱ्या दिवशी भाजीवालीनं आईला लालबुंद टोमॅटो निवडून दिले. “शेवटच्या क्षणी आईला हाक मारली हो लेकरानं! देव उगाच वर घेत नाही.”

“मी कधीपासून सांगत होते,” आई म्हणाली, आणि आणखी एक पिशवी पुढे केली. “यातही असेच निवडून घाल.”

“एवढे कुणाला?”

“आहेत एक ओळखीच्या.”

साधूमहाराजांची बायको पलीकडच्याच गल्लीत राहते. हल्ली तिची भाजी आमची आईच आणते.