मनोऱ्याचा कान

अग्निशमन दलाचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारा माझा स्कॅनर एकदम गप्प झाला, तशी ब्रिन टाळ्या पिटत म्हणाली, "आर्लो आजोबा, आग विझली!"

भर दुपारी धुराने खिडक्या तांबूस झाल्या होत्या. आयडाहोतल्या आमच्या दरीत वणवा विझला की रेडिओवर बडबड वाढते. पाइप कुणी गुंडाळायचे, सँडविच कोण आणतंय, सगळं ऐकू येतं. ही शांतता तशी नव्हती.

ब्रिन शेजारची. तिची आई कॉरिन अग्निशमन दलात स्वयंसेवक. सकाळी कड्यावर वणवा विझवायला जाताना ती पोरीला माझ्याकडे सोडून गेली होती.

"विझली असती तर तुझी आई एव्हाना माझ्या फ्रिजवर धाड घालायला आली असती," मी म्हणालो. "फ्रिक्वेन्सीची यादी बघ. अग्निशमनच्या ओळीत आकडे किती?"

"दोन. आपण पहिलाच लावतो. दुसरा कशाला?"

"कड्यावरच्या रेडिओच्या मनोऱ्याला एक कान आहे, एक तोंड. हातातले रेडिओ अशक्त असतात. ते दुसऱ्या आकड्यावर त्याच्या कानात कुजबुजतात. मनोरा तेच पहिल्या आकड्यावर साऱ्या दरीला ओरडून सांगतो. आपण ऐकतो ते त्याचं तोंड."

ब्रिनने खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणजे मनोरा जळला?"

"बहुतेक."

"आई तिथेच होती."

"दुसरा आकडा लाव," मी म्हणालो.

घाबरून तिची बटणं चुकली. मी हात लावला नाही; तिची बोटं कामात असलेली बरी. खरखर झाली आणि मग कॉरिनचा आवाज आला, "केंद्र, कुणी ऐकतंय का? गाडी सोडलीय. ओढ्यात उतरलेय. धुरात काही दिसत नाही..."

"आई! मी इथे आहे!" ब्रिन स्कॅनरवर ओरडली.

"बाळा, त्याला नुसते कान आहेत."

मी अग्निशमन केंद्राला फोन लावला. मनोरा गेल्यापासून त्यांना कॉरिनचं काहीच ऐकू आलेलं नव्हतं. बंब दरीच्या पलीकडे होता. यायला वेळ लागणार होता.

"पण आपल्याला कसं ऐकू येतंय?" ब्रिनने विचारलं.

"हातातला रेडिओ थेट ऐकू येतो तो जवळ असला तरच."

"मग ती जवळ आहे!"

"आहे. पण कुठे वळायचं ते तिला दिसत नाही."

ब्रिन उठलीच. "तुमच्या ट्रकचा हॉर्न! आई म्हणते, त्याने मेलेला माणूस उठून शिव्या देईल."

आम्ही स्कॅनर घेऊन अंगणात धावलो. कड्याखालची झाडं पेटली होती. मी हॉर्न दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"थांबा ना! ऐकू द्या!"

"...हॉर्न... डावीकडून," खोकत खोकत आवाज आला. "आर्लोकाका, तुम्हीच असाल तर थांबू नका."

मग मी थांबलो नाही. हॉर्नच्या गोंगाटात मला काही ऐकू येईना. ब्रिन स्कॅनर कानाला घट्ट लावून उभी होती आणि मी फक्त तिचा चेहरा बघत होतो.

"काय म्हणतेय?" मी ओरडलो.

"काहीच नाही. खोकतेय!"

"खोकू दे. खोकतेय ते चांगलंच आहे."

अंगणात राख पडू लागली. माझा अंगठा बधिर झाला. ब्रिनने हळूच स्कॅनर कानावरून खाली घेतला आणि माझा हात हॉर्नवरून ओढला.

खोकला आता कुंपणापलीकडून येत होता.