एक फेरी मारून येऊ

सान्वीला मी चौथ्या वर्षापासून शिकवलं होतं, की जत्रेत आवडलं ते लगेच घ्यायचं नाही. आधी सगळी जत्रा फिरायची, परत यायचं आणि तरीही तेच हवं असेल तर घ्यायचं. तीन वर्षं पोरगी हा नियम पाळत होती. बहुतेक वेळा अर्ध्या फेरीतच ती वस्तू विसरून जायची आणि मी बायकोकडे, शालूकडे, मोठा तीर मारल्यासारखा बघायचो.

विचार करत बसणं हा आमच्या घराण्याचा जुना रोग. वडिलांना ठाण्यात टेंभी नाक्याजवळ दोन खोल्या मिळत होत्या. ते विचार करत राहिले आणि लांब ठाकुर्लीला पोचले. मी त्यांच्याहून नीट विचार केला, म्हणून त्याहूनही लांब, शहाडला राहतो.

यंदा टेंभी नाक्यावर नवरात्राच्या जत्रेत सान्वीला भातुकलीतला पितळी बंब दिसला. वीतभर उंच, नळ फिरवला की खरंच पाणी येणारा. विकणाऱ्या हौसाबाई म्हणाल्या, एकच उरलाय. सान्वीने तो जपून खाली ठेवला आणि स्वतःच म्हणाली, "एक फेरी मारून येऊ." शालूने मला कोपराने ढोसलं, घेऊन टाक म्हणाली. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. केवढा अभिमान वाटला होता मला तेव्हा.

त्या फेरीत सान्वीने आकाशपाळण्याकडेही पाहिलं नाही. नुसती भराभर चालत होती. परत आलो तेव्हा हौसाबाई म्हणाल्या, आत्ताच एक बाई घेऊन गेली.

सान्वी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. नियम चुकीचा नाही, आपलं नशीब नव्हतं, असं मी तिला घरी येईपर्यंत समजावत होतो. माझं मलाच पटत नव्हतं. नंतर आठवडाभर कल्याणची भांड्यांची दुकानं पालथी घातली. तसा बंब कुठेच मिळाला नाही.

काल तिला कंपासपेटी घ्यायला गेलो. दुकानदार एकेक पेटी काढून दाखवणार होता. पहिलीच काउंटरवर आली आणि सान्वीने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. बाकीच्या बघ तरी, मी म्हटलं. तिने मान हलवली.

"ही आवडली का तुला?"

"माहीत नाही. पण बाबा, आत्ताच घे. कोणीतरी नेईल."

दुकानात आमच्याशिवाय कुणीही नव्हतं. मी पैसे दिले.