सुजेला बाळसं म्हणाले

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. शैलाच्या उजव्या मूत्रपिंडात, रक्त गाळणाऱ्या जाळीवर माझं बिऱ्हाड आहे. माझ्यासारख्या पेशी सहसा बदलून येत नाहीत. माणसाबरोबर जन्मायचं आणि त्याच्याबरोबरच म्हातारं व्हायचं. पेशीला मान नसते, तरी माझी कहाणी मी मान खाली घालूनच सांगते.

शैला तिच्या आईच्या, सुभद्रेच्या पोटात असतानाच मी कामाला लागले. रक्त गाळायचं, नको ते पाणी बाहेर सोडायचं. माझ्या अंगावर एक बारीक साखरेची कडी आहे. ती जन्मापासूनच आहे. शिवाय एक राखणदार आहे. तोही एक रेणूच, पण जंतूच्या कवचाचा कण जरी दिसला तरी तो ओळखतो आणि आरडाओरडा करतो. त्याचा मला भारी गर्व होता. असा पहारा असताना आपल्याकडे कोण येतंय, असं मी म्हणायचे.

शैला सहा वर्षांची झाली त्या वर्षी गिरण्यांचा संप सुरू झाला. तिचा बाप दत्ताराम गिरणीच्या साचेखात्यात, मागावर होता. लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत जेवणाच्या जागी पेज आली. सुभद्रा आपल्या वाटणीची पेजही शैलाच्या ताटलीत ओतायची आणि "माका भूक नाय" म्हणायची.

त्यातच शैलाला रक्ताची आव झाली. जंतू आतड्यातच राहिले, पण त्यांचं विष आणि कवचाचे तुकडे रक्तातून माझ्यापर्यंत पोचले. राखणदाराने कवच ओळखलं आणि बोंब ठोकली. त्याचं काही चुकलं नाही. पण त्या गडबडीत मी अंगावर आणखी कड्या काढल्या, आणि विषाने नेमक्या त्याच धरल्या. चोर आला म्हणून दिवा लावावा आणि त्याच उजेडात चोराला कपाट सापडावं, तसं झालं. आत शिरून विषाने प्रथिनं बनवायचं माझं यंत्र बंद पाडलं. बाहेर गिरण्याही बंद होत्या, पण तिथल्या माणसांनी काहीतरी मागितलं होतं. विषाने मला काही विचारलंसुद्धा नाही.

शेजारच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या. माझ्या कितीतरी सोबतिणी मेल्या. गाळणी तुंबली आणि पाणी शैलाच्या अंगातच साठायला लागलं.

आणि मित्रांनो, नेमकं तेव्हाच माझ्या कामाचं कौतुक झालं! जुलाब थांबले होते. शैलाचे गाल भरले होते, रक्त कमी झाल्याने रंगही फिकटला होता. शेजारची रखमा दारातूनच ओरडली, "सुभद्रे, चेडवान बाळसा धरल्यान गो! संपात आमची पोरां सुकली, नि ह्या बघ, गोरापण झाला!"

दत्ताराम तिला खांद्यावर घेऊन नाक्यावर गेला. "बघा रे, संपातपण आमची पोरगी कशी भरलीय," असं तो ज्याला त्याला सांगत होता. सुभद्रेचा चेहरा खुलला होता. आपली पेज पोरीच्या अंगी लागली, असं तिला वाटलं. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पेज नव्हती, ती माझी नामुष्की होती. राखणदाराची बोंब रक्तात ऐकू जाते, चाळीत नाही.

शेवटी शैलाच्या पायातला काळा दोरा रुतला म्हणून सुभद्रा तो सैल करायला बसली. तिचं बोट घोट्यावर दाबलं गेलं आणि तिथे खळगा पडला. तो भरून येईना. ती तशीच पोरीला उचलून इस्पितळात धावली; मागोमाग दत्ताराम आणि रखमाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लघवीला शेवटची कधी गेली?"

सुभद्रेने दत्तारामकडे पाहिलं. दत्तारामने रखमाकडे पाहिलं. चाळीतले संडास गॅलरीच्या टोकाला; सहा वर्षांचं मूल आपलं आपण जाऊन येतं. जुलाब किती झाले हे साऱ्या मजल्याला ठाऊक होतं. लघवी थांबलीय हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मी नाय विचारलंय," सुभद्रा म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून खाली बसली. "मी आपली गाल बघीत रवलंय."

शैलाच्या पोटात नळी घालून पाणी सोडलं, काढलं, पुन्हा सोडलं. माझं काम त्या नळीने केलं. हळूहळू विष ओसरलं, माझं यंत्र कुरकुरत सुरू झालं, आणि शैला जगली. पण मेलेल्या सोबतिणी परत आल्या नाहीत. त्यांच्या वाटचं काम आम्ही उरलेल्या अजून ओढतो आहोत.

शैला आता अँटॉप हिलला राहते. तिची मुलगी जरा आजारी पडली की ती सगळ्यांदेखत विचारते, "शू झाली का गं?" मुलगी लाजून चूर होते. "आई, काय गं हे! पाहुण्यांसमोर?"

मित्रांनो, पोट बिघडलं तर हे तुम्हाला कोणीतरी विचारायलाच हवं, आणि तुम्ही खरं सांगायला हवं. लाजू नका. लाजायचं काम मी इतकी वर्षं करते आहे, तेवढं पुरे.