धाकट्याचा आवाज

ताईचा धाकटा भाऊ अपघातात गेला आणि महिन्याभरात, त्याने आईसाठी केलेलं गोळ्यांची आठवण करून देणारं ॲपही जुना सर्व्हर बंद झाल्यामुळे थांबलं. ताईने त्याच्याच टेबलाशी बसून ॲपचा कोड ठेवलेलं त्याचं खातं उघडलं आणि ॲप चालवणाऱ्या नव्या होस्टिंग सेवेला जोडायला घेतलं. पडद्यावर त्याच्या नावाखाली प्रश्न आला, ‘या सेवेला तुमचा कोड वाचू द्यायचा का?’ विचारलं होतं त्याला. डोळे पुसून तिने ‘हो’ दाबलं.

थोड्या वेळाने आईच्या फोनमधून त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, “आई, गोळी घेतलीस का गं?”

आईला हुंदका आवरेना. “तो होता तेव्हा न घेताच ‘घेतली रे’ म्हणायचे मी,” ती म्हणाली आणि तिने ताईकडे पाणी मागितलं.